मुठेल म्हणून घेतलेली ती पांढरी डबी

बाळंतपणाला मी माहेरी मालवणला आले होते. बाळ दोन महिन्यांचं झालं आणि माझी स्किन एवढी कोरडी पडली की पोटरीवर नख फिरवलं तरी पांढरी रेघ उठायची, नाकाजवळ सालं निघायची आणि रात्री खाजवून खाजवून झोप नाही. त्यात रोज कडकडीत पाण्याची आंघोळ, वर डाळीचं पीठ, आणि लंगोट बदलला की साबणाने हात धुवायचे, मग काय होणार.

तेव्हा व्हॉट्सॲपवर एका बाईची पोस्ट आली, बाळंतिणींसाठी खास मुठेल क्रीम, घरगुती, बाळाच्या तोंडात गेलं तरी चालतं. मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, ते नाव ऐकल्यावर मी विचारच केला नाही, आमच्याकडे टाचांना भेगा पडल्या की तेच लावतात. 650 रुपये जीपे केले. तिसऱ्या दिवशी खाज गेली, चेहरा उजळ दिसायला लागला, मी खूष होऊन अजून 2 डब्या मागवल्या आणि निपलला चीर पडली होती तिथेही लावलं. हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

पाच आठवड्यांनी डबी संपली, नवीन यायला उशीर झाला, तर चार दिवसांत चेहरा लालभडक, पाण्याचा थेंब पडला तरी चुरचुरायचं, बारीक पुळ्या आल्या. आजीने रिकामी डबी हातात घेतली, तळाला राहिलेलं बोटावर घेऊन चोळलं, वास घेतला. "ह्यां मुठेल नाय गो. मुठेल असां मऊ कधी आसता?" खरंच की! कोकमाच्या बिया कुटून उकळून वर जे येतं त्याचे मुठीत गोळे वळतात, म्हणून तर मुठेल. गार झालं की साबणासारखं टणक, अंगाच्या उबेने वितळतं. हे तर थंडीतही लोण्यासारखं होतं आणि वास सेंटचा.

स्किनच्या डॉक्टरनी चेहरा आणि डबी बघून सांगितलं, यात स्टेरॉइड असणार, एवढ्या झटपट फरक त्यानेच पडतो, जास्त दिवस लावलं की स्किन पातळ होते आणि थांबवलं की असा भडका उडतो. अशी औषधं चिठ्ठीशिवाय विकायचीच नसतात. कोरडेपणाचं कारणही त्यांनीच समजावलं, डिलिव्हरीनंतर इस्ट्रोजेन हे हार्मोन एकदम उतरतं आणि अंगावर पाजतोय तोवर कमीच राहतं, त्यामुळे स्किन सुकते. मला साधं पेट्रोलियम जेली दिलं, कोमट पाण्याची पटकन आंघोळ आणि अंग ओलसर असतानाच लावायचं, पीठ बंद. बाळालाही मुलांच्या डॉक्टरांकडे दाखवून आणलं, वजन वगैरे ठीक आहे, देवाची कृपा.

त्या बाईला फोटो पाठवले तर आधी म्हणाली शरीरातली घाण बाहेर पडतेय, लावत राहा, मग ब्लॉक. डबीवर नुसतं स्टिकर होतं, ना बनवणाऱ्याचा पत्ता, ना बॅच नंबर, ना लायसन्स नंबर, ना एक्स्पायरी. मी पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट घेऊन 1915 ला ग्राहक हेल्पलाइनवर फोन केलाय आणि एफडीएकडेही (अन्न व औषध प्रशासन) लेखी तक्रार देतेय. तुमच्याकडे अशी डबी असेल तर फेकू नका, ती घेऊनच डॉक्टरकडे जा, आणि बाळाला पाजत असाल तर तेही त्यांना आधी सांगा.