तीस वर्षं जुने स्पीकर, नवे क्रॉसओव्हर: आठ महिन्यांनंतर

स्पीकरची पेटी उघडली ती तानपुऱ्यामुळे. किशोरीताई आमोणकरांचं गाणं लावलं की गळा बऱ्यापैकी मधोमध यायचा, पण तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा तो झणझणता गुंजार, डावीकडे ओढली जायची. वाटलं, रेकॉर्डिंगच तसं असेल. जुनं मोनो रेकॉर्डिंग लावलं, तरी तेच. शेवटी ॲम्प्लिफायरच्या डाव्या-उजव्या वायरी अदलाबदल करून पाहिल्या. जवारी त्याच पेटीकडे राहिली, म्हणजे दोष पेटीच्या आत होता.

जोडी १९९०च्या दशकातली, टू-वे. खालच्या सुरांसाठी साडेसहा इंची वूफर, वरच्या सुरांसाठी एक इंची सॉफ्ट डोम ट्विटर, ८ ओहम. या दोघांत आवाज वाटून देणारं सर्किट, म्हणजे क्रॉसओव्हर, अगदी साधा: ट्विटरच्या वाटेत ४.७ मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आणि त्याच्यामागे समांतर कॉइल. वूफरला याच्या उलट. दोन्ही पेट्यांतले ट्विटरचे कपॅसिटर सोडवून ते मोजणाऱ्या एलसीआर मीटरला लावले. डावा ४.९ भरला, ईएसआर (कपॅसिटरच्या आतला रोध) ०.४ ओहम. उजवा ५.८, आणि ईएसआर तब्बल १.९. इलेक्ट्रोलिटिकच्या पोटातलं ओलं रसायन वर्षानुवर्षं वाळत जातं आणि त्याचा रोध वाढतो. ट्विटर ८ ओहमचा धरला तर नुसत्या या दीड ओहमच्या फरकाने उजव्या बाजूचे वरचे सूर जवळपास दीड डेसिबलने खाली जातात. जवारी डावीकडे का जात होती, त्याचं उत्तर समोर टेबलावर पडलं होतं.

ऑडिओच्या नावाने विकले जाणारे फिल्म कपॅसिटर, म्हणजे ओल्या रसायनाऐवजी पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असलेले, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळाले, पण किंमत ऐकून आधी खात्री करून घ्यावीशी वाटली. घराजवळच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून पंख्याचे कपॅसिटर आणले, प्रत्येक पेटीसाठी एक २.५ एमएफडीचा (म्हणजे मायक्रोफॅरडचा) आणि एक २.२५चा. तेही पॉलिप्रॉपिलीनचेच असतात आणि ४४० व्होल्ट एसी सोसतात. दोघे समांतर जोडले की ४.७५. जुना कपॅसिटर करंगळीच्या पेराएवढा होता, ही जोडी मुठीत मावेना. मूळ पट्टीवर जागाच नव्हती, म्हणून प्लायवूडच्या तुकड्यावर सगळं नव्याने बसवलं.

आवाज मधोमध आला, पण टोचायला लागला. गायिकेचा प्रत्येक ‘स’ आणि ‘श’ कानात शिरायचा, झांज लावली तर दहा मिनिटांत डोकं जड. इथे मला जे उमगलं ते कपॅसिटर बदलायला निघालेल्या प्रत्येकाला सांगावंसं वाटतं. जुना कपॅसिटर नवा असतानाही त्यात थोडा रोध होताच, आणि ज्याने हा स्पीकर जुळवला त्याने तो हिशेबात धरून जुळवला होता. फिल्म कपॅसिटरमध्ये तो रोध जवळपास नसतोच. म्हणून तो बाहेरून परत द्यावा लागतो. ट्विटरच्या वाटेत आधी १ ओहमचा ५ वॅटचा सिमेंट रेझिस्टर घातला, तर तबल्याची चाट मेली. ०.४७ ओहम घातला आणि चाट राहिली, ‘स’ निवळला. हा अर्ध्या ओहमचा, काही रुपयांचा तुकडा या सगळ्या कामातली सगळ्यात मोलाची वस्तू ठरली.

मध्ये एक चूकही केली. दोन्ही ट्विटरची लाल वायर वजा टोकाला होती. जोडणाऱ्याकडून राहून गेलं असेल असं समजून मी ती ‘सुधारली’. त्या रात्री गळा मागे गेला, पोकळ वाटू लागला, जणू गाणारी शेजारच्या खोलीत बसली आहे. अशा एक कपॅसिटर, एक कॉइलवाल्या, म्हणजे सेकंड ऑर्डर क्रॉसओव्हरमध्ये वूफर आणि ट्विटरच्या वाटण्या जिथे मिळतात तिथे दोघांचे आवाज एकमेकांच्या उलटे पडतात, म्हणून ट्विटर मुद्दाम उलटा जोडलेला असतो. उघडण्याआधी फोनवर फोटो काढून ठेवले होते, त्यामुळे पाच मिनिटांत निस्तरलं.

वूफरच्या लोखंडी गाभ्याच्या कॉइलऐवजी हवेच्या गाभ्याची कॉइलही लावून पाहिली. तारेचा रोध ०.३ वरून ०.७ ओहमवर गेला आणि डग्ग्याची घुमक सैल पडली. चार दिवसांत मूळ कॉइल परत बसवली. पुन्हा तिथे हात घालणार नाही.

आता आठ महिने झाले, अख्खा पावसाळाही गेला. मधल्या काळात दोनदा मोजमाप केलं, कपॅसिटरचे आकडे हललेले नाहीत. पुढे महागडे ऑडिओ कपॅसिटर घेतलेच, आणि एका पेटीत ते, दुसरीत पंख्याचे असे दोन आठवडे ठेवले. कुठल्या पेटीत काय आहे हे घरात कुणालाच सांगितलं नाही. आईला मोनो रेकॉर्डिंग ऐकवून एकेक पेटी आलटून पालटून चालू केली, तिला फरक सांगता आला नाही, मलाही नाही. महागडे परत काढून डब्यात ठेवले आहेत.

आई स्वतः गाते. पहिल्या आठवड्यात स्वयंपाकघरातून तिने विचारलं होतं, “तानपुरे दोन आहेत होय रे यात?” दोनच होते. आधी एवढी वर्षं आम्हाला एकच ऐकू येत होता.