सुमासची सीमा ओलांडल्यावर ट्रेलर घेऊन उत्तरेला: कोकिहाला की फ्रेझर कॅन्यन?

सिअॅटलकडून ट्रेलर ओढत प्रिन्स जॉर्ज, बार्करव्हिल किंवा थेट अलास्काकडे निघालात, तर कॅनडाची सीमा कुठे ओलांडायची हा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. सुमासला ओलांडावी. पीस आर्चला रांग लागते आणि पलीकडे व्हँकुव्हरच्या उपनगरांची गर्दी असते. सुमासहून ॲबट्सफर्डमध्ये शिरलं की हायवे ११ ने काही मिनिटांत हायवे १ लागतो. नाका चोवीस तास उघडा असतो. पेट्रोल अमेरिकेच्या बाजूलाच भरून घ्या, तिकडे ते महाग असतं. जळाऊ लाकूड घरीच ठेवा, ते सीमेवर काढून घेतात. अधिकाऱ्याने ट्रेलर उघडून पाहिला असेल, तर निघण्यापूर्वी एक फेरी मारून दार, हिचची (गाडीला ट्रेलर जोडणाऱ्या सांध्याची) पिन, साखळ्या आणि ब्रेकच्या वायरचा प्लग तपासा. घाईत बंद केलेलं दार हमरस्त्यावर उघडतं.

खरा निर्णय तिथून सुमारे ८० किलोमीटरवर, होपला घ्यायचा असतो. तो बहुतेकांच्या नकळत होऊन जातो, कारण हायवे १ वर सरळ जात राहिलात की तुम्ही आपोआप कोकिहाला या डोंगरी हायवेच्या वाटेला लागता. फ्रेझर कॅन्यनला, म्हणजे फ्रेझर नदीच्या दरीतल्या रस्त्याने, जायचं असेल तर एक्झिट १७० ला बाहेर पडून होप गावात शिरावं लागतं. फोनवरचा नकाशा इथे कधी एक रस्ता सुचवतो, कधी दुसरा, कारण मोकळ्या गाडीच्या वेळेत दोन्हींमध्ये फार फरक नाही. तुमच्या मागे तीन टन वजन लटकलंय हे त्याला माहीत नसतं.

दोन्ही रस्त्यांना गाठायचं असतं कॅश क्रीक. तिथून पुढे हायवे ९७ ने क्लिंटन, हंड्रेड माइल हाउस, विल्यम्स लेक, क्वेनेल करत प्रिन्स जॉर्ज साधारण ४४० किलोमीटर. तो टप्पा दोघांनाही सारखाच, म्हणून तुलना होप ते कॅश क्रीक एवढ्यापुरतीच करतो.

कोकिहाला, म्हणजे हायवे ५, १९८६ च्या व्हँकुव्हरमधल्या एक्स्पो या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने मेरिटपर्यंत खुला झाला आणि पुढच्या वर्षी कॅमलूप्सला पोचला. रुंद, दुभाजक असलेला, चढावर जादा लेन असलेला रस्ता. २००८ पर्यंत टोल होता, आता नाही. होप ते मेरिट ११५ किलोमीटर, आणि या पट्ट्यात एकही पेट्रोल पंप नाही. त्यापुढे दोन पर्याय. कॅमलूप्सपर्यंत जाऊन हायवे १ ने पश्चिमेला मागे वळा, म्हणजे एकूण सुमारे २८५ किलोमीटर होतात. किंवा मेरिटला ९७सी धरून लोगन लेक, ॲशक्रॉफ्टमार्गे जा, म्हणजे सुमारे २३०. कॅन्यनमधून हेच अंतर १९५ च्या आसपास आहे.

ट्रेलरवाल्यांच्या गप्पांमध्ये ठरलेलं वाक्य असतं: "हायवेनेच जा, कॅन्यन अरुंद आहे." मला हा सल्ला अर्धाच पटतो. रुंदी दिसते, उतार दिसत नाही. आणि ट्रेलर ओढताना उताराचा हिशेब आधी करायचा असतो.

होपची उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम चाळीसएक मीटर. तिथून कोकिहाला १,२४४ मीटरच्या माथ्यावर चढतो, तेही थोडक्या अंतरात. ज्यांच्या इंजिनाला टर्बो नाही त्यांची ताकद दर ३०० मीटरला साधारण तीन टक्क्यांनी घटते, म्हणजे माथ्यावर बारा टक्के गेलेली असते. बाहेर ऑगस्टचं ऊन, आत एसी, मागे ट्रेलर. तापमानाचा काटा वर सरकायला लागला की एसी बंद करा, उजव्या लेनमध्ये ट्रकांच्या मागे लागा आणि ६०-६५ ने चढा. लाजायचं कारण नाही, ट्रक त्याहून हळू चाललेले असतात आणि त्यांचे धोक्याचे दिवे लुकलुकत असतात.

पण चढ म्हणजे फक्त वेळ आणि पेट्रोल. भीती उताराची असते, आणि उत्तरेला जाताना तो माथ्यानंतर लगेच येत नाही. मेरिटपर्यंत रस्ता बऱ्यापैकी सौम्य उतरतो. मग मेरिट-कॅमलूप्सच्या मध्ये सरी लेक समिट लागतो, सुमारे १,४४५ मीटर. ज्या माथ्याच्या नावाने लोक घाबरतात त्याच्यापेक्षा हा दोनशे मीटर उंच. कॅमलूप्स शहर साडेतीनशे मीटरच्या आसपास आहे, म्हणजे इथून टप्प्याटप्प्याने जवळजवळ हजार मीटर उतरायचं, आणि रस्ता रुंद असल्यामुळे आपण उतरतोय हे जाणवतच नाही. ९७सी ने गेलात तरी सुटका नाही. लोगन लेककडून ॲशक्रॉफ्टकडे उतरताना थॉम्पसन नदीच्या पात्रापर्यंत सातआठशे मीटर खाली यावं लागतं, आणि तिथे दुभाजक नाही. रुंद हायवे हवा म्हणून कोकिहाला निवडायचा आणि शेवटचा अवघड उतार दोन लेनच्या रस्त्यावर घ्यायचा, हा सौदा मला कधीच समजला नाही.

दुसरी गोष्ट वेगाची. कोकिहालावर पाटी १२० ची आहे. अमेरिकेतून आलेल्याला आधी तो आकडा किलोमीटरचा आहे हे लक्षात ठेवावं लागतं, म्हणजे साधारण ७५ मैल. ट्रेलरच्या टायरच्या कडेवर आकारमानाआधी 'एसटी' ही अक्षरं दिसतात. अशा टायरवर वेगळी वेगखूण नसेल, तर परंपरेने त्यांची मर्यादा ६५ मैल, म्हणजे १०५ किलोमीटर धरतात. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्याला कायद्यानेच ५५ मैलांची मर्यादा आहे. म्हणजे पाटी परवानगी देते आणि टायर देत नाही. मग तुम्ही ९० ने चालता, बाजूने १२५ ने गाड्या जातात, आणि मोठा ट्रक गेला की हवेच्या दाबाने ट्रेलरची शेपटी हलते. ट्रेलर डोलायला लागला की गाडीचा ब्रेक दाबू नका, स्टिअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटर सोडा आणि हाताने ट्रेलरचाच ब्रेक हळूच लावा. मुळात हिचवर ट्रेलरच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार असेल, तर अशी वेळ सहसा येत नाही. गादीखाली, मागच्या बाजूला पाण्याचे कॅन आणि तांदळाची पोती कोंबली असतील, तर मात्र येते.

आता कॅन्यन.

होप सोडलं की येल. एकोणिसाव्या शतकातल्या सोन्याच्या धावपळीत आगबोटी नदीतून इथपर्यंतच येऊ शकायच्या, पुढे कॅरिबू वॅगन रोड. आजचा हायवे बऱ्याच अंशी त्याच दरीतून जातो. येल ते बॉस्टन बारमध्ये सात बोगदे आहेत. सगळ्यात लांब चायना बारचा, सुमारे सहाशे मीटर. ट्रेलरच्या उंचीची चिंता नको, मोठे ट्रेलर-ट्रक रोज यातून जातात. दिवे लावा, गॉगल काढा, आणि पुढे सायकलवाला असू शकतो हे ध्यानात ठेवा. नदीच्या एका काठाने कॅनेडियन पॅसिफिक, दुसऱ्या काठाने कॅनेडियन नॅशनल, अशा दोन रेल्वे दरीत शिरतात. यातल्याच एका मार्गाच्या कामात १९१४ साली हेल्स गेटला दरड कोसळली आणि सॅमनची वाट अडली. त्याच्या खुणा पुढे अनेक वर्षं माशांच्या संख्येत दिसत राहिल्या. थांबायचं असेल तर इथे थांबा. पण ट्रेलर वळवायला जागा आहे का, ते आत शिरण्यापूर्वी बघा.

ट्रेलरसाठी कॅन्यनचा फायदा साधा आहे. कोकिहालासारखा हजार मीटरचा एकसलग चढ-उतार इथे नाहीच. कॅश क्रीक साडेचारशे मीटरच्या आसपास, म्हणजे पूर्ण टप्प्यात गोळाबेरीज तेवढीच चढण. अधेमधे चढ आहेत, बॉस्टन बार ते लिटनमधला जॅकअस माउंटनचा चढ-उतार त्यातला नावाजलेला. पण प्रत्येक उतार लहान असल्याने ब्रेकला मधे निवायला वेळ मिळतो. वेगही मुळात कमी असतो. ८० ऐवजी १०० ने उतरणाऱ्याला थांबताना दीडपटीहून जास्त ऊर्जा ब्रेकमध्ये जिरवावी लागते, आणि ती सगळी उष्णता होऊन ब्रेकच्या ड्रममध्ये जाते.

तोटेही खरे आहेत. बहुतांश दोनच लेन, वळणं, आणि पाठीमागे अस्वस्थ झालेल्या गाड्यांची रांग. मिरर जरूर लांब करून घ्या. पाचसहा गाड्या साचल्या की बाजूला घेण्याची जागा दिसताच वाट द्या, त्यात तुमचं अर्धं मिनिटही जात नाही. लिटनला थॉम्पसन फ्रेझरला मिळते, निळसर पाणी गढूळ पाण्यात, आणि दोन दऱ्यांमधून येणारा वारा तिथे जोरात भेटतो. उंच सपाट भिंतींच्या ट्रेलरला तो जाणवतोच. लिटनला पेट्रोल किंवा जेवण मिळेल हे गृहीत धरू नका. २९ जून २०२१ ला तिथे ४९.६ अंश तापमान नोंदलं गेलं, कॅनडातलं आजवरचं सर्वाधिक, आणि दुसऱ्याच दिवशी गाव जळालं. पेट्रोल होपला भरा. पुढे स्पेन्सेस ब्रिजजवळ मोठ्या शिंगांच्या रानमेंढ्या रस्त्यावर येतात, तेव्हा नजर कडेलाही असू द्या.

घाट उतरण्याबद्दल एक गोष्ट आपल्या लोकांना मुद्दाम सांगावीशी वाटते. पेट्रोल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रलवर सोडायची सवय आपल्याकडे अजून अनेकांच्या हातात आहे. ट्रेलर असताना ती जिवावर बेतू शकते. टो-हॉल मोड (ओझं ओढताना गिअर खाली ठेवणारी गाडीतली सोय) चालू करा, माथ्यावरच खालच्या गिअरमध्ये या, क्रूझ कंट्रोल बंद. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच्याही खालच्या गिअरमध्ये उतरायची तयारी ठेवा. ब्रेक दाबायचा तो जरा जोरात आणि थोडा वेळ. मग सोडून द्यायचा. हलका पाय ठेवून पंधरा मिनिटं घासत राहिलात तर वास येईल, आणि वास आला म्हणजे उशीर झाला. ब्रिटिश कोलंबियात १,४०० किलोवरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत, आणि २,८०० किलोच्या वर हिच तुटल्यास आपोआप लागणारा ब्रेकही. भाड्याने ट्रेलर घेताना एवढं तरी विचारून घ्या.

तिसरा एक रस्ता कुणीतरी सुचवतोच: हायवे ९९, व्हिसलर, पेम्बर्टन आणि तिथून डफी लेक रोडने लिलुएट. चित्रात फार सुंदर. व्हिसलरपर्यंत ट्रेलर खुशाल न्या. पेम्बर्टनच्या पुढे दहा टक्क्यांहून तीव्र चढ, केसाच्या पिनेसारखी वळणं आणि अरुंद पूल आहेत. ट्रेलर मागे लावून तिकडे जाऊ नका. ट्रेलर कुठेतरी ठेवून नुसत्या गाडीने एक दिवस काढता येतो.

म्हणून माझं मत: जून ते सप्टेंबर, कोरडा दिवस, उजेडात, आणि जायचंय कॅश क्रीक किंवा त्याच्या उत्तरेला, तर कॅन्यन. सहासिलिंडरची एसयूव्ही आणि मध्यम ट्रेलर असेल तर नक्कीच. जास्त ताकदीचा डिझेल पिकअप आणि उत्तम ब्रेक असतील तर कोकिहाला चालेल, पण त्यात वाचणारा वेळ जवळपास शून्य आहे.

जास्परला निघालेल्यांचं गणित वेगळं. त्यांना कॅमलूप्सहून हायवे ५ नेच उत्तरेला जायचंय, क्लिअरवॉटर, व्हेलमाउंटमार्गे सुमारे ४४० किलोमीटर, वाटेत ३,९५४ मीटरचा माउंट रॉबसन. त्यांनी कोकिहालाच घ्यावा. कॅमलूप्सचा उतार तेवढा जपून. बॅन्फला जाणाऱ्यांचंही तेच.

अंधार पडल्यावर किंवा दोन लेनच्या रस्त्यावर समोरून येणाऱ्या ट्रकची धास्ती वाटत असेल, तेव्हाही मी कोकिहालाच सांगेन. घाबरून चालवणारा ड्रायव्हर उताराइतकाच धोकादायक असतो. पावसाचा इशारा असेल तर दोन्हींबद्दल सावध राहा. नोव्हेंबर २०२१ च्या पुरात दोन्ही रस्ते एकाच वेळी तुटले होते. कोकिहाला मालवाहतुकीला २० डिसेंबरला उघडला, खाजगी गाड्यांना जानेवारीत. वणव्याच्या मोसमात तर सकाळी ड्राइव्हबीसी या रस्त्यांची स्थिती दाखवणाऱ्या सरकारी संकेतस्थळाचे कॅमेरे पाहिल्याशिवाय होप सोडू नका, आणि १ ऑक्टोबरपासून डोंगरी रस्त्यांवर हिवाळी टायर सक्तीचे आहेत, घाटांमध्ये ३० एप्रिलपर्यंत.

परतीचा विचार जातानाच करून ठेवा, कारण दक्षिणेला येताना कोकिहालाचा स्वभाव उलटा होतो. जो चढ जाताना इंजिनाने भोगला, तो आता ब्रेकने भोगायचा असतो, माथ्यापासून होपपर्यंत बाराशे मीटर खाली. वाटेत ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी कडेला वाळूचे चढ केलेले दिसतात. ते शोभेला नाहीत. त्या उताराआधी झॉपकिओसला ब्रेक तपासणीची मोठी जागा आहे. ट्रकांना तिथे थांबणं सक्तीचं असतं, तुम्हाला नाही, तरी थांबा. दहा मिनिटं उभं राहा, चाकांजवळ हात नेऊन आच लागते का पाहा, आणि खालचा गिअर टाकूनच उतरायला सुरुवात करा.