पार्सल हलकं लागलं, तेव्हाच परत करायला हवं होतं

एका बॅगेपायी माझे ४६,४२७ रुपये गेले. आकडा आधीच सांगतो, कारण घरी सांगताना मी तो दोनदा लपवला आणि पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी लाजेपोटी "वीसेक हजार" म्हणालो. १,९४८ पार्सल घेताना दिले. १९,४८० आणि २४,९९९ दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेले, नऊ मिनिटांच्या अंतराने, आणि दोन्ही वेळा पिन मीच टाकला.

मी वजनकाटे दुरुस्त करतो. बदलापूरहून रोज लोकल, कधी अंबरनाथ एमआयडीसी, कधी भिवंडीची गोदामं, महिन्यातून एक-दोनदा एसटीने नाशिक किंवा अहिल्यानगर. पाठीवर लॅपटॉप, मल्टिमीटर, पान्यांची गुंडाळी, डबा, पाणी आणि तपासणीची दोन वजनं. सगळं मिळून आठ-नऊ किलो. मुक्काम असला की त्यातच एक शर्ट-पॅंट. साधी बॅग या ओझ्याखाली दीड वर्षही टिकत नाही. जुन्या बॅगेचा उजवा पट्टा मे अखेरीस कल्याणच्या पुलावर ऐन गर्दीत मुळातून सुटला. बॅग लॅपटॉपसकट पायऱ्यांवर आदळली. थोड्याच दिवसांत नाशिकला जायचं होतं आणि पाऊस तोंडावर होता. हे सगळं अशासाठी सांगतोय की ज्या साइटवर फसलो तिथे मी स्वस्ताईच्या हव्यासाने गेलो नव्हतो. मला टिकाऊ बॅग हवी होती आणि तिच्यासाठी तीन-साडेतीन हजार मोजायची माझी तयारी होती.

दोन आठवडे मी रात्री बसून वाचत होतो. कापडाचा डेनियर किती, चेन कुठली, आतला लेप कसला. डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, हे वाचलं तेव्हा बरं वाटलं, आपल्याच धंद्यातला हिशोब निघाला. ६०० डेनियर पॉलिएस्टर कॉलेजच्या पोरांना ठीक आहे. लोखंड वाहायचं तर १,००० च्या वरचं नायलॉन बघावं, असं माझं मत झालं. आणि एवढं शोधल्यावर फोनवर जाहिराती येणारच. एका चांगल्या नावाजलेल्या कंपनीचं चिन्ह, "गोदाम रिकामं करतोय", १,६८० डेनियर, ३५ लिटर, छापील किंमत ७,४९९, आजची किंमत १,८९९. कॅश ऑन डिलिव्हरीचे ४९ वेगळे. पत्त्याच्या पट्टीत कुलपाचं चिन्ह होतं. खाली चारशेच्या वर अभिप्राय होते, त्यातले काही मराठीत. पैसे वस्तू हातात आल्यावर द्यायचे, मग फसणार कसं, असं मला वाटलं. माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर त्यालाही हेच वाटलं असतं, हे मी आजही म्हणतो.

कुलपाच्या चिन्हाचा अर्थ एवढाच की मधल्या वाटेत कुणी तुमची माहिती वाचत नाही. पलीकडे चोर बसलाय की वाणी, ते कुलूप सांगत नाही. हे मला नंतर कळलं.

आता त्या क्षणाबद्दल. गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला पार्सलवाला आला. मी जिन्यात, कानाला फोन, भिवंडीच्या एका गोदामाचा काटा शून्यावर येत नव्हता आणि तिथला माणूस वैतागलेला. पार्सलवाल्याने करडी पिशवी माझ्या डाव्या हातात दिली आणि क्यूआर पुढे धरला. पिशवी हातात येताच ती हलकी लागली. लागली म्हणजे लागलीच. सतरा वर्षं मी हाताने वजनं उचलतोय. अर्धा किलो आणि दीड किलो यातला फरक मला डोळे मिटून कळतो. त्या मापाच्या जाड कापडाच्या, लॅपटॉपसाठी फोम घातलेल्या बॅगेचं वजन किलो-सव्वाकिलोच्या खाली येऊच शकत नाही. वर चिकटवलेल्या कागदावर बारकोडच्या खाली स्पष्ट छापलं होतं: वजन ०.५ किग्रॅ. पाठवणाऱ्याच्या जागी त्या कंपनीचं नावच नव्हतं, कुठल्यातरी गोदामाचं नाव आणि पिनकोड. हे सगळं माझ्या नजरेसमोर होतं. मी म्हणालो, "जरा उघडून बघू का?" तो म्हणाला, "काका, पेमेंट झाल्याशिवाय उघडता येत नाही, आमच्या ॲपमध्ये तसं नाही." चूक त्या पोराची नव्हती, त्याला अजून चाळीस घरं फिरायची होती. पण मला फक्त "नको, परत ने" म्हणायचं होतं. तीन शब्दांचं काम होतं आणि एक पैसाही लागत नव्हता. मी कानावरचा फोन खांद्याने दाबला आणि १,९४८ स्कॅन करून दिले.

ती पिशवी मी तेव्हा परत केली असती तर पुढचं काहीच झालं नसतं. रात्री झोप लागत नाही तेव्हा मला १९,४८० आठवत नाहीत, ती डाव्या हातातली पिशवी आठवते.

घरात उघडली, काट्यावर ठेवली: ४१२ ग्रॅम. कापड असं की आत हात घातला तर बाहेरून बोटं दिसत होती. फोमच्या जागी पांढऱ्या थर्माकोलसारखी पातळ पट्टी. उत्पादकाचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, किंमत, कशाचाच टॅग नाही. वेष्टनावर हे छापणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि मी वैधमापनवाल्यांच्या, म्हणजे वजनं-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याच्या, बरोबरच काम करतो, हे मला कुणी शिकवायला नको. शुक्रवारी सकाळी स्टेशनबाहेर बॅगा शिवणाऱ्या मामांना दाखवली. त्यांनी पट्टा उलटा केला, मुळाशी अंगठा लावला आणि नुसतं ओढलं. तीन टाके उसवले. पट्टा बाहेरच्या कापडाला शिवलेलाच नव्हता, अस्तराला टाचला होता. म्हणाले, "बघा, चांगल्या मालात इथे चौकोन घालून आत फुली मारतात, वरनं जाड पट्टी देतात. रनरच्या मागे आकडा असतो, पाच, आठ, दहा. ह्याच्यामागे काहीच नाही. दोन डबे घातलेत तर स्टेशनपर्यंत पोचणार नाही."

रनरवर नावाजलेल्या जपानी कंपनीची तीन अक्षरं असली तरी हुरळू नका, अक्षरं कुणीही ठोकतं. चेन दहादा ओढून बघा, वळणावर अडकते का ते बघा. आतल्या बाजूचा लेप नखाने खरवडा. आपल्याकडच्या दमट हवेत हलका लेप दोन पावसाळ्यांत चिकट होऊन पापुद्रे सोडतो. आणि दुकानात काटा असेल तर बॅग काट्यावर ठेवा. लाजू नका.

मग परतावा. त्या साइटवर तक्रार अधिकाऱ्याचं नाव नव्हतं, एक फॉर्म होता आणि एक व्हॉट्सॲप नंबर, तो बंद. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावाच लागतो, ४८ तासांत पोच द्यावी लागते. ते नाव नसेल तर तिथेच साइट बंद करा. मी काय केलं? त्या कंपनीच्या नावापुढे "कस्टमर केअर" लिहून शोधलं आणि सगळ्यात वर आलेला नंबर लावला. नंबर कंपनीचा नव्हताच.

पलीकडचा माणूस इतका शांत बोलत होता की मला हायसं वाटलं. आधी हिंदीत, मग माझं बोलणं ऐकून मराठीत. "दादा, तुमच्यासारख्या बऱ्याच तक्रारी आल्यात, काळजी करू नका." त्याने आधी माझ्या खात्यात एक रुपया पाठवला. खरोखर आला. मग म्हणाला, आता रिफंड कोड देतो, तो रकमेच्या रकान्यात भरा: एक नऊ चार आठ शून्य. "तुमचेच १,९४८ आहेत दादा, शेवटचं शून्य पैशांचं." मी भरलं. स्क्रीनवर पैसे घेणाऱ्याचं नाव आलं, ते कुठल्या कंपनीचं नव्हतं, एका माणसाचं होतं. खाली पिन मागितला. मी टाकला. १९,४८० गेले.

पैसे घ्यायला पिन लागत नाही. कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे तुमच्याकडून जाणार. हे घरात म्हाताऱ्या माणसांना आजच सांगा, पोरांनाही सांगा, आणि "मला माहीत आहे" म्हणणाऱ्यांना दोनदा सांगा, कारण मलाही माहीत होतं.

मी ओरडलो तेव्हा तोच घाबरल्यासारखा झाला. "अरे दादा, चुकून उलटं गेलं, माझी नोकरी जाईल, लगेच रिव्हर्स करू, हा दुसरा कोड घ्या, २४९९९." लोक विचारतात, दुसऱ्यांदा कसं केलंस? त्या खात्यात मुलीच्या क्लासचा हप्ता होता. तो गेलेला दिसल्यावर माणसाचं डोकं चालत नाही, समोरचा सांगेल तसे हात चालतात. मला यापलीकडे उत्तर देता येत नाही. पहिला व्यवहार ७ वाजून २२ मिनिटांनी, दुसरा ७ वाजून ३१ ला.

आणि इथे माझी दुसरी मोठी चूक. मी आधी बँकेला फोन लावला. हिंदीसाठी दोन दाबा, कार्डसाठी तीन दाबा, आणि २२ मिनिटं संगीत. तुम्ही आधी १९३० लावा, ती सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. बँक नंतर. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फार झपाट्याने पळवतात, तक्रार लवकर नोंदली तर मधेच अडवता येतात. मी १९३० वर पोचलो ते सव्वाआठला. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, तक्रार क्रमांक दिला, तेवढं मी मान्य करतो. तिसऱ्या एका खात्यात ६,२०० रुपये गोठवले गेले. बाकी तोवर काढून झाले होते.

दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार, बँक बंद. रविवार बंद. सोमवारी नाशिक रद्द करून शाखेत गेलो. साहेबांनी रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक दाखवलं: ग्राहकाच्या हलगर्जीपणामुळे नुकसान झालं तर कळवेपर्यंतचा तोटा ग्राहकाचा. मी म्हटलं, ठीक, पिन मी टाकला. पण महिन्याला चार-दोन हजारांचे व्यवहार करणाऱ्या माणसाच्या खात्यातून नऊ मिनिटांत कधीही न पाहिलेल्या एकाच खात्यात ४४,४७९ जातात, तुमच्या यंत्रणेला काहीच खटकलं नाही? आणि तुमचा फोन २२ मिनिटं कुणी उचलला नाही, तो हलगर्जीपणा कुणाच्या खात्यात? साहेब म्हणाले, लेखी द्या. लेखी दिलं. पोचेवर शिक्का मारून घ्यायला अर्धा तास भांडावं लागलं. तुम्हीही शिक्क्याशिवाय कागद देऊ नका. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, आणि तिथे ती पोचच उपयोगी पडते.

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी "१९३० ला केलंय ना, मग झालं." दुसऱ्या दिवशी "सायबरला जा." सायबरला गेलो तर "तुमच्या ठाण्याचं पत्र आणा." पत्र आणायला गेलो तर पत्र देणारे बंदोबस्ताला. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी नोंदवून घ्यावा लागतो, हे मी वाचून गेलो होतो. बोललो तर समोरचे म्हणाले, "वकील आहात का?" नाही साहेब, काटे दुरुस्त करतो. मग बसा. तीन अर्ध्या रजा गेल्या, त्यांचे पैसे या ४६,४२७ मध्ये धरलेले नाहीत. एका हवालदारांनी तर माझ्यादेखत शेजारच्याला म्हटलं, "शिकलेले लोकच जास्त फसतात." मी चोर असल्यासारखा बाकावर बसलो होतो आणि चोर कुठेतरी पुढचा नंबर फिरवत होता. गोठवलेले ६,२०० सोडवायला कोर्टाचा आदेश लागेल म्हणाले. वकिलाने त्याचे ५,००० सांगितले.

कुरियरवाल्यांकडे पाठवणाऱ्याचा पत्ता मागितला, तर "ती माहिती गोपनीय आहे." फसवणाऱ्याची माहिती गोपनीय, आणि माझा पत्ता, नंबर मात्र पिशवीवर छापून गावभर फिरला. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार घेतली आणि पंधरा दिवसांनी बंद केल्याचा मेसेज आला, कारण समोरची कंपनी सापडत नाही. ती सापडत नाही म्हणूनच तर मी तुमच्याकडे आलो होतो.

जुनी बॅग मामांनी १८० रुपयांत शिवून दिली, पट्ट्याच्या मुळाशी नायलॉनची जाड पट्टी आडवी घालून, चौकोन आणि फुली. तीच वापरतोय.

काल रात्री तीच जाहिरात परत दिसली. कंपनीचं नाव वेगळं, किंमत १,७९९, साइटचा पत्ता वेगळा. फोटो मात्र तोच: निळ्या पट्ट्यावर टेकलेला अंगठा आणि मागे खिडकीची जाळी. मी रिपोर्ट केली. आज दुपारी पाहिलं तर अजून चालू होती.