हॉटबॉक्ससाठी बल्ब, ब्लोअर की फिन हीटर: आठ महिने वापरल्यानंतर

लॅमिनेटेड धनुष्य, म्हणजे पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून केलेलं, साध्या खोलीतही चिकटतं. पण खोलीच्या तापमानाला सेट झालेला इपॉक्सी गोंद उन्हाळ्यात दगा देतो. मे महिन्यात उन्हात उभ्या बंद गाडीत पारा साठच्या आसपास जातो. तिथं दोरी चढवलेलं धनुष्य राहिलं तर ग्लू लाइन (पट्ट्यांमधला गोंदाचा थर) मऊ पडते आणि पट्ट्या सरकायला लागतात. ६५ अंशांवर चार तास शेकलेला जोड त्याहून बराच ताप सोसतो. त्या शेकासाठी हॉटबॉक्स, म्हणजे आतून तापवायची बंद पेटी, लागते. कोल्हापुरात, ऐन पावसाळ्यापासून, एकाच पेटीत तीन प्रकारची उष्णता लावून पाहिली.

आधी पेटी. साडेसहा फूट लांब, दीड फूट रुंद, एक फूट उंच. १२ मिमी कमर्शियल प्लाय, आतून २५ मिमी रॉकवूल, वर ॲल्युमिनियम फॉइल. थर्माकोल वापरू नका. ७५-८० अंशांच्या पुढे तो बसायला लागतो आणि हीटरजवळचा कोपरा तेवढा तापतोच. रॉकवूल असेल तर बाहेर २५ अंश असताना आत ७० टिकवायला साधारण १७० वॉट पुरतात. नुसत्या प्लायच्या पेटीला हाच आकडा साडेपाचशेच्या घरात जातो. बहुतेक जण पेटी गळकी ठेवतात आणि वॉट वाढवत बसतात. झाकणाच्या कडेला फेल्टची पट्टी लावली की अर्धं काम झालं.

बल्ब सगळ्यांत सोपे. १०० वॉटचे चार, पोर्सेलिनच्या होल्डरमध्ये. पण बल्बची बरीचशी उष्णता किरणांनी जाते, त्यामुळे समोर येईल तेच तापतं. फॉर्मचा, म्हणजे पट्ट्या ज्यावर दाबून धरतात त्या साच्याचा, खालचा काठ भाजतो आणि वरची ग्लू लाइन मागं राहते. पंखा नव्हता तेव्हा मधोमध आणि टोकाला १५ अंशांचा फरक दिसला. लिंबच्या (धनुष्याच्या बाहूच्या) टोकाला गोंद कच्चा राहतो तो इथंच. शिवाय शेक चालू असताना एखादा बल्ब उडाला तर बाहेरून कळतही नाही. यावर एक उपाय चांगला चालतो: २०० वॉटचे दोन बल्ब सिरीजमध्ये जोडा. प्रत्येकाला निम्मा व्होल्टेज मिळतो, फिलामेंट लालसर जळते, दोघांत मिळून १३० वॉटच्या आसपास उष्णता मिळते आणि बल्ब सहसा उडत नाहीत.

ब्लोअर, म्हणजे खोली गरम करायचा हजार-दोन हजार वॉटचा पंखेवाला हीटर, या कामाला घेऊ नका. तो खोलीतली थंड हवा ओढायला बनवलेला असतो. पेटीत त्याला ६० अंशांची हवा ओढावी लागते, आतला थर्मल कटआउट (जास्त तापलं की वीज तोडणारा स्विच) पडतो आणि शेक मध्येच थांबतो. काही जण तो कटआउटच काढून टाकतात. बंद लाकडी पेटीत हे करणं म्हणजे आगीला आवतण.

ब्लोअर झपाट्यानं तापवतो, हा दुसरा दोष. इपॉक्सी सेट होण्याआधी पातळ होतो. हवा वीस मिनिटांत ७० वर गेली की बाहेरच्या पट्ट्यांतला गोंद पाण्यासारखा वाहतो, फॉर्मच्या पोटातला अजून थंडच असतो, आणि क्लॅम्पच्या दाबाखाली निमुळत्या पट्ट्या घसरतात.

फिन हीटर, म्हणजे पत्र्याचे पंख लावलेली तापणारी पट्टी, बसवल्यावर हा त्रास संपला. ७५० वॉटचे दोन, पेटीच्या दोन टोकांना, सिरीजमध्ये. मिळून ३७५ वॉट मिळतात आणि पट्टी लाल होत नाही. वर दोन इंच अंतरावर वाकवलेला जीआय पत्रा, म्हणजे थेट झळ फॉर्मला लागत नाही. सोबत बॉल बेअरिंगचा १२० मिमी, २३० व्होल्टचा पंखा सतत चालू. टोकांतला फरक ३ अंशांवर आला. फॉर्म ६५ ला पोचायला दोन तास लागतात, आणि तेवढा वेळ लागलेलाच बरा. व्होल्टेज २०० वर उतरला तर हीटर तीन चतुर्थांशच उष्णता देतो, तेव्हा घड्याळाकडे न बघता तापमान मोजणाऱ्या प्रोबकडे बघा.

प्रोब हवेत लोंबकळत ठेवू नका. फॉर्ममध्ये, लॅमिनेशनच्या अगदी खाली भोक पाडून आत बसवा आणि तो ६५ दाखवेल तेव्हापासून चार तास मोजा. हवेचा वेगळा प्रोब एसटीसी-१००० या तापमान-नियंत्रकाला द्या, हवा ७० वर धरा, चालू-बंदमधला फरक २ अंश. त्याच्या रिलेचे संपर्क कधीतरी चिकटतात, म्हणून हीटरच्या लायनीत ९० अंशांवर वीज तोडणारा केएसडी-३०१ थर्मल स्विच सिरीजमध्ये हवाच. आतली वायर सिलिकॉन किंवा फायबरग्लासची घ्या. घरगुती पीव्हीसी वायर ७० अंशांपुरतीच असते. बाहेर ६ अँपिअरचा एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की तोडणारा स्विच).

पट्ट्या दाबायला हवेचा होज (हवा भरून फुगवायची नळी) वापरत असाल तर थंड असताना ५० पीएसआय भरा, गरम झाल्यावर तो ६० च्या आसपास जातो. थंडपणी ६० भरून बॉक्स लावणाऱ्यांचे होज याच कारणानं फुटतात.

अराल्डाईट स्टँडर्ड वजनानं १०० ला ८० मिसळून उरलेला थेंब प्लायच्या तुकड्यावर ठेवा आणि तो तुकडा पेटीच्या सर्वांत थंड कोपऱ्यात. शेवटी त्यावर नख दाबा. खूण उमटली तर अजून एक तास. नख घसरलं तर हीटर बंद करा, पण झाकण सकाळपर्यंत उघडू नका. गरम जोड मऊच असतो. क्लॅम्प तेव्हाच काढले तर वळण उघडतं.

जुलै-ऑगस्टमध्ये रॉकवूल दमट होतं. गोंद कालवण्याआधी अर्धा तास रिकामी पेटी झाकण किलकिलं ठेवून चालवली तर आतली ओल निघून जाते. बल्बांची जुनी चौकट तीन फुटी दुसऱ्या पेटीत गेली आहे. तिथं सिरीजमधले दोन बल्ब बांबूच्या पट्ट्या ४० अंशांवर वाळवतात, आणि त्या कामाला याहून चांगलं काही लागत नाही.