कठड्यावरची स्वाक्षरी की पॅकमधली? मायनर लीगची बेसबॉल कार्डे जमवू पाहणाऱ्यांसाठी तुलनात्मक आढावा

न्यू जर्सीतल्या ब्रिजवॉटर रेल्वे स्थानकाला लागून असलेल्या मैदानात सॉमरसेट पेट्रियट्स हा बेसबॉल संघ खेळतो. २०२१ पासून तो न्यूयॉर्क यांकीज या मेजर लीग संघाचा डबल-ए दर्जाचा, म्हणजे मायनर लीगमधला संघ आहे. या परिसरात मराठी घरे पुष्कळ आहेत आणि इथे वाढणाऱ्या मुलांना बेसबॉल घरच्या खेळासारखाच वाटतो. त्यामुळे ओळखीचे पालक मला एकच प्रश्न वारंवार विचारतात: मुलांना मायनर लीगच्या खेळाडूंची स्वाक्षरी असलेली कार्डे जमवायची आहेत, तर ती मैदानावर जाऊन घ्यावीत, टपालाने मागवावीत, बंद पॅकमधून निघणारी कंपनीची कार्डे विकत घ्यावीत, की दुसऱ्या संग्राहकाकडून सरळ तयार कार्ड घ्यावे? चारही वाटा मी स्वतः चाललो आहे आणि त्यांचे मोल माझ्या लेखी मुळीच सारखे नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. २०२१ च्या पुनर्रचनेनंतर मेजर लीग या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेच्या ३० संघांना प्रत्येकी चार, असे मायनर लीगचे, म्हणजे खेळाडू घडवणाऱ्या खालच्या स्तरांचे, १२० संघ जोडलेले आहेत. सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए या चार पायऱ्या चढून खेळाडू वर जातो आणि बहुतेक जण मधल्याच कुठल्यातरी पायरीवर थांबतात. त्यांची कार्डे ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. पहिला प्रकार म्हणजे संघाचा स्वतःचा संच. हा मैदानावरच्या दुकानात मिळतो, त्यात साधारण तीसेक कार्डे असतात आणि खेळाडूंबरोबर प्रशिक्षक व संघाचे शुभचिन्हही असते. दुसरा प्रकार टॉप्स कंपनीचा. तिच्या ‘प्रो डेब्यू’ मालिकेत खेळाडू मायनर लीगच्या गणवेशात दिसतो, तर ‘बोमन’ मालिकेत बहुधा मूळ मेजर लीग संघाच्या गणवेशात.

मैदानावरच्या स्वाक्षरीबद्दल सविस्तर लिहितो, कारण नवख्या माणसाला सर्वांत कमी माहिती याच वाटेची असते. २०२१ पासून मायनर लीगमध्ये पाहुणा संघ सहसा मंगळवारी येतो, रविवारपर्यंत एकाच मैदानावर सहा सामने खेळतो आणि सोमवारी सुटी असते. संग्राहकाच्या दृष्टीने ही फार सोयीची व्यवस्था आहे. मंगळवारी जाऊन खेळाडूंचे क्रमांक आणि चेहरे जुळवून ठेवायचे आणि गुरुवारी किंवा शुक्रवारी कार्डे घेऊन पुन्हा जायचे. अनेक संघांच्या गणवेशावर पाठीमागे नाव नसते, फक्त क्रमांक असतो. म्हणून कार्डे क्रमांकाच्या क्रमाने वहीत लावलेली नसतील, तर समोरून चालत गेलेला खेळाडू कोण होता हे तो आत गेल्यावर कळते. दरवाजे उघडताच डगआउटच्या, म्हणजे खेळाडू बसतात त्या जागेच्या, टोकाला, जिथे कठडा मैदानाच्या अगदी जवळ येतो, तिथे उभे राहावे. त्या दिवशी सुरुवातीला गोलंदाजी करणाऱ्या पिचरला हाक मारू नये, कारण तो स्वतःच्या तयारीत असतो. बाकीचे पिचर मात्र बहुधा मोकळे असतात आणि दोन मिनिटे थांबतात. नावाने हाक मारावी, एक किंवा फार तर दोन कार्डे पुढे करावीत आणि निळा शार्पी (पक्क्या शाईचा मार्कर) टोपण काढून हातात द्यावा.

कार्डाचा पृष्ठभाग ही इथली खरी अडचण आहे. क्रोम, म्हणजे धातूसारखी चमक असलेले कार्ड इतके गुळगुळीत असते की शाई त्यावर धरत नाही आणि थेंबाथेंबाने फुटते. अनुभवी संग्राहक आदल्या दिवशी त्यावर बेबी पावडरचा हलका हात फिरवून मऊ कापडाने पुसून ठेवतात. हे मला माहीत नव्हते तेव्हा एका रिलीफ (सामन्याच्या मध्यात बदली येणाऱ्या) पिचरची सुरेख, पूर्ण नावाची स्वाक्षरी घेऊन मी कार्ड लगेच प्लास्टिकच्या खोळीत सरकवले. घरी येऊन पाहिले, तर आडनावाची शेवटची चार अक्षरे खोळीच्या आतल्या बाजूला उमटली होती आणि कार्डावर त्यांची करडी सावली तेवढी उरली होती. तेव्हापासून सही झालेले कार्ड मी पाच मिनिटे कडेला धरून उघड्या हवेत ठेवतो, मागे गर्दी कितीही असली तरी. संघाच्या संचातली कार्डे या बाबतीत पुष्कळ सोपी असतात. कमी चकचकीत कागदावर शाई चटकन वाळते.

या वाटेने मिळणाऱ्या स्वाक्षरीचा आणखी एक गुण विकत घेतलेल्या कार्डात क्वचितच सापडतो. खालच्या पायऱ्यांवरचे खेळाडू अजून पूर्ण नाव लिहितात. पुढे रोज शेकडो सह्या कराव्या लागल्या की त्याच नावाची एक वेलांटी आणि एक रेघ उरते. शिवाय ते बोलतात. माझ्या मुलीचे नाव एका खेळाडूने तीनदा विचारून घेतले, एकेक अक्षर जुळवत कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात लिहिले आणि मग खाली सही केली. नाव घातलेल्या कार्डाला बाजारात भाव कमी मिळतो. पण ते कार्ड विकायचेच नसेल तर नाव अवश्य घालून घ्यावे, कारण हे कार्ड विक्रीसाठी नाही हे त्या खेळाडूलाही तिथल्या तिथे कळते. मेजर लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०२३ च्या करारापर्यंत डबल-ए खेळाडूचे किमान वार्षिक वेतन १३,८०० डॉलर होते आणि त्या करारात ते ३०,२५० डॉलर झाले. अशा माणसाकडून फुकट सही घेऊन ती संध्याकाळीच ऑनलाइन विकायला काढणारे लोकही त्याच कठड्यावर उभे असतात. एकाच खेळाडूची दहा-दहा कार्डे पुढे करण्याची ती सवय मला मनापासून खटकते आणि मुलांना ती लागू देऊ नये, असे मी प्रत्येक पालकाला आवर्जून सांगतो.

कठड्यावर उभे असताना पुढचे काही माहीत नसते, हे या छंदाचे मर्म आहे. १९९३ साली ग्रीन्सबरो हॉर्नेट्स या मायनर लीग संघाकडून खेळणाऱ्या शॉर्टस्टॉपने (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या क्षेत्ररक्षकाने) एका हंगामात ५६ चुका केल्या होत्या. तो पुढे यांकीजचा दिग्गज ठरलेला डेरेक जेटर होता. ब्रिजवॉटरपासून फार दूर नसलेल्या वॉचंगमध्ये वाढलेला अँथनी व्होल्पे २०२२ मध्ये सॉमरसेटकडून खेळला आणि पुढच्याच वर्षी यांकीजच्या सलामीच्या सामन्यात शॉर्टस्टॉप म्हणून उतरला.

आता पॅकमधली कार्डे. बोमनची पहिली बेसबॉल कार्डे १९४८ मध्ये निघाली, १९५६ मध्ये टॉप्सने ती कंपनी घेतली, १९८९ मध्ये हे नाव पुन्हा बाजारात आणले आणि २०२२ मध्ये टॉप्सची कार्डे फॅनॅटिक्सकडे गेली. ज्या कार्डावर ‘फर्स्ट बोमन’चे चिन्ह असते, ते त्या खेळाडूचे बोमनमधले पहिले कार्ड मानले जाते आणि मायनर लीगच्या खेळाडूंच्या बाजारात सर्वाधिक मागणी त्यालाच असते. कंपनी खेळाडूला पैसे देऊन सह्या घेते आणि ही सही अस्सल असल्याची हमी कार्डाच्या मागे छापते. कठड्यावरच्या सहीला अशी हमी कधीच मिळत नाही, आणि पुढे विकण्याचा विचार असेल तर सगळा फरक इथेच पडतो. साध्या क्रोम स्वाक्षरीखेरीज क्रमांक घातलेल्या, मोजक्याच प्रती असलेल्या रंगीत आवृत्त्याही असतात: जांभळी २५० प्रती, निळी १५०, हिरवी ९९, सोनेरी ५०, नारिंगी २५, लाल ५ आणि सुपरफ्रॅक्टर फक्त १. मेजर लीगचा नामांकित खेळाडू माइक ट्राउट याचे २००९ चे असेच एकमेव स्वाक्षरीचे कार्ड ऑगस्ट २०२० मध्ये ३९ लाख डॉलरांहून अधिक किमतीला विकले गेले आणि तोवरच्या सर्व क्रीडा कार्डांमध्ये ती सर्वोच्च किंमत ठरली.

हा आकडा ऐकून पॅकचा बॉक्स विकत घ्यायला धावणाऱ्याने दुसऱ्या बाजूची दोन नावे लक्षात ठेवावीत. ब्रायन टेलर हा १९९१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिल्याच क्रमांकावर यांकीजने घेतलेला पिचर. त्याला १५.५ लाख डॉलर मिळाले आणि त्याची कार्डे लोकांनी जपून ठेवली. १९९३ च्या अखेरीस एका भांडणात त्याचा खांदा निकामी झाला आणि तो मेजर लीगचा एकही सामना खेळला नाही. दुसरे उदाहरण आमच्याच मैदानावरचे. हासोन डोमिंगेझला यांकीजने २०१९ मध्ये, तो १६ वर्षांचा असताना, ५१ लाख डॉलर देऊन करारबद्ध केले. २०२० च्या बोमनमध्ये त्याचे पहिले कार्ड आले तेव्हा त्याने व्यावसायिक सामना एकही खेळलेला नव्हता, आणि त्या वर्षीचा मायनर लीगचा हंगाम साथीमुळे झालाच नाही. तरीही त्या कार्डासाठी झुंबड उडाली. तो सॉमरसेटमध्ये खेळला, १ सप्टेंबर २०२३ रोजी मेजर लीगमधल्या पहिल्याच पाळीत त्याने नामवंत पिचर जस्टिन व्हर्लँडरला होमरन मारला आणि अवघ्या आठ सामन्यांनंतर कोपराचा अस्थिबंध फाटल्याने त्याच्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. पैसे वाढावेत म्हणून कार्ड घेणाऱ्याचे भवितव्य अशा एका कोपरावर अवलंबून असते.

बॉक्सबद्दल माझे मत स्पष्ट आहे. बोमनच्या साध्या हॉबी (संग्राहकांसाठीच्या) बॉक्समध्ये सहसा एका स्वाक्षरीचे आश्वासन असते आणि ती कोणाची निघेल हे आपल्या हातात नसते. बहुतेक वेळा ती अशा खेळाडूची असते, ज्याचे सुटे कार्ड बॉक्सच्या किमतीच्या लहानशा अंशात मिळते. एखादाच खेळाडू हवा असेल तर त्याचे सुटे प्रमाणित कार्ड घ्यावे. घेताना सही थेट कार्डावर केलेली आहे की पारदर्शक स्टिकरवर करून चिकटवलेली आहे, हे पाहावे. थेट कार्डावरची सही दिसायला सरस आणि मागणीतही वरचढ असते. कधी बॉक्समधून कार्डाऐवजी सांकेतिक क्रमांकाचा कागद निघतो. तो कंपनीकडे नोंदवून सही झालेले कार्ड येईपर्यंत महिनोन् महिने वाट पाहावी लागते, आणि त्या कागदाला मुदतही असते. लहान मुलाच्या हाती असा कागद आला की त्याचा हिरमोड होतो.

टपालाची वाट स्वस्त आहे, पण तिला धीर लागतो. एक किंवा दोन कार्डे, हाताने लिहिलेले छोटे पत्र आणि स्वतःचा पत्ता लिहून तिकीट लावलेले परतीचे पाकीट हे सर्व संघाच्या पत्त्यावर खेळाडूच्या नावे पाठवायचे. हंगाम सुरू झाल्यावर पहिल्या दोन महिन्यांत पाठवलेले बरे, कारण पुढे खेळाडू वरच्या पायरीवर गेला की पत्र जुन्या ड्रेसिंग रूममध्येच पडून राहते. पाकिटात कडक पुठ्ठा घातला तर ते यंत्रातून जात नाही आणि जादा टपालखर्च लागतो. माझे एक पाकीट चौदा महिन्यांनी परत आले. आत दोन्ही कार्डांवर सह्या होत्या आणि माझ्याच पत्राच्या पाठीवर उशीर झाल्याबद्दल दोन ओळी होत्या. काही पाकिटे परत आलीच नाहीत. पुण्याहून किंवा नाशिकहून कोणाला हे करायचे असेल, तर परतीच्या पाकिटावर अमेरिकेचेच तिकीट लागते. म्हणून इथल्या नातेवाइकाचा पत्ता परतीसाठी द्यावा. या वाटेतली एक मर्यादा मान्य करावी लागते: सही कोणी केली हे आपण पाहिलेले नसते.

उरली चौथी वाट, म्हणजे कंपनीच्या हमीविना सही असलेले कार्ड अनोळखी विक्रेत्याकडून घेणे. नवख्याने या वाटेला जाऊ नये. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेने ‘ऑपरेशन बुलपेन’मध्ये बनावट सह्यांचा मोठा व्यवहार उघडकीस आणला. त्यानंतर २००१ मध्ये मेजर लीगने प्रत्यक्ष साक्षीदार आणि होलोग्राम यांवर आधारलेली स्वतःची पद्धत सुरू केली. मायनर लीगच्या कठड्यावर असा साक्षीदार नसतो. पीएसए, जेएसए आणि बेकेट या संस्था सही तपासून मत देतात, पण डबल-एच्या अनोळखी खेळाडूच्या तुलनेसाठी खात्रीचे नमुने थोडे असतात, त्याची सही दरवर्षी बदलत असते आणि तपासणीचे शुल्क अनेकदा कार्डाच्या किमतीहून जास्त होते. मी एकदा असे कार्ड घेतले, तपासणीत ते नाकारले गेले आणि विक्रेत्याने पैसे परत केले नाहीत.

हातात १०० डॉलर असतील, तर माझा हिशेब असा आहे. मैदान तासाभराच्या अंतरावर असेल आणि मूल आठ-दहा वर्षांचे असेल, तर दोन तिकिटे, संघाचा संच, नवा शार्पी आणि खोळी घ्याव्यात. एका खेपेत पाच-सहा सह्या मिळाल्या तरी संग्रहाची उत्तम सुरुवात होते आणि प्रत्येक सही डोळ्यांदेखत झालेली असते. मैदान दूर असेल तर तेच पैसे तिकिटांऐवजी टपालावर खर्च करावेत. पुढे विकण्याचा विचार असेल किंवा एकाच खेळाडूवर जीव जडला असेल, तर त्याचे एक सुटे, थेट कार्डावर सही असलेले प्रमाणित बोमन कार्ड घ्यावे आणि तिथेच थांबावे. बॉक्स या रकमेत बहुधा बसणारही नाही, आणि बसला तरी मी तो सुचवणार नाही.

संघाचा नवा संच हंगाम सुरू होताच दुकानात येतोच असे नाही, कधीकधी काही आठवडे जातात. म्हणून एप्रिलमध्ये जाणार असाल तर दुकानात आधी फोन करून विचारावे. आला नसेल, तर गेल्या वर्षीचा संच शिल्लक आहे का हेही विचारून घ्यावे. त्यातले काही खेळाडू अजून त्याच संघात असतात आणि आपले जुने कार्ड कोणीतरी जपून आणलेले पाहून ते जरा जास्त वेळ थांबतात.