बॅगपसची डीव्हीडी: आमच्या घरी हे मांजर राखाडी होतं

बॅगपस म्हणजे एका कापडी मांजराची लहान मुलांसाठीची जुनी ब्रिटिश टीव्ही सिरीज. आधी कामाचं सांगते. बॅगपसचे सगळेच्या सगळे १३ भाग या डीव्हीडीत आहेत, एकेक भाग साधारण १५ मिनिटांचा, म्हणजे सव्वातीन तासांत आख्खी सिरीज संपते. हो, एवढीच आहे ती. १९७४ मध्ये बीबीसीवर लागली, १३ भाग झाले आणि विषय संपला, पण नंतर वर्षानुवर्षं तेच परत परत लावत राहिले त्यामुळे निम्म्या लोकांना वाटतं शेकडो भाग असतील. मी ऑनलाइन सेकंडहँड घेतली, विकणाऱ्याने 'नव्यासारखी' असं लिहिलेलं आणि डिस्कवर ओरखडे असे की जणू मांजरानेच मारलेत, एका भागात चित्र दोनदा अडकतं. तक्रार केल्यावर अर्धे पैसे परत आले, मग ठेवून घेतली.

आता मी का घेतली ते. बाबा १९७३ साली हॉस्पिटलच्या नोकरीसाठी इंग्लंडला आले, मागोमाग आई आणि मी. मी ४ वर्षांची. आईला इंग्लिश वाचता यायचं पण दुकानात कोणी भरभर बोललं की तिची तारांबळ. दुपारी बीबीसीवर 'वॉच विथ मदर', म्हणजे 'आईबरोबर बघा', या नावाखाली छोट्यांचे कार्यक्रम असायचे, आणि आईने ते नाव अगदी मनावर घेतलं, चहाचा कप घेऊन माझ्या शेजारी बसायचीच. पुढे मी शाळेत जायला लागले तरी ती एकटी बघायची हे मला खूप नंतर कळलं. कारण ऑलिव्हर पोस्टगेट. बॅगपसची गोष्ट सांगणारा तो आवाज त्याचा, कसलीही घाई नाही, शब्द न शब्द सुटा, आजोबा झोपायच्या आधी सांगतात तसं. आई म्हणते या देशात पहिल्यांदा सगळं समजलेला माणूस तोच.

ज्यांनी बघितलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एमिली नावाची छोटी मुलगी, तिचं एक दुकान, पण दुकानात काहीच विकायचं नाही. हरवलेल्या मोडक्या वस्तू ती आणून ठेवते आणि पोट लोंबणाऱ्या आपल्या कापडी मांजराला उठवते. मांजर उठलं की बाकीचे उठतात, चिंध्यांची बाहुली मॅडेलीन, बॅन्जोवाला बेडूक गेब्रियल, प्रोफेसर यॅफल म्हणजे पुस्तकं टेकवायचा लाकडी सुतारपक्षी, आणि उंदीर. मग ती वस्तू कशाची यावर चर्चा, वाद, गाणी, उंदीर ती दुरुस्त करतात आणि वस्तू खिडकीत ठेवतात, मालकाला दिसली तर तो घेऊन जाईल म्हणून. बास.

तर सुरुवातीला सगळं जुन्या तपकिरी फोटोंसारखं असतं आणि बॅगपस जागा होतो तेव्हा चित्रात रंग भरतो. हा त्या कार्यक्रमाचा सगळ्यात भारी क्षण, सगळे हाच आठवतात. आणि आमच्याकडे तो कधी आलाच नाही! टीव्ही भाड्याचा, ब्लॅक अँड व्हाइट, रंगीतला भाडंही जास्त आणि टीव्ही बघायचं लायसन्सही महाग. राखाडी मांजर उठायचं, राखाडी जांभई द्यायचं आणि राखाडीच झोपायचं. तो गुलाबी-पांढऱ्या पट्ट्यांचा आहे हे मला मोठी झाल्यावर एका शुभेच्छापत्रावरून कळलं आणि खरं सांगते, फसवल्यासारखं वाटलं. प्रत्यक्ष हलताना, रंग भरताना मी या डीव्हीडीवर पहिल्यांदा बघितलं, ५० वर्षांनी. आणि गंमत म्हणजे तो गुलाबीसुद्धा चुकूनच झालेला. बाहुल्या करणाऱ्या पीटर फर्मिनला नारिंगी मांजर हवं होतं, कापड रंगवताना घोटाळा झाला आणि गुलाबी होऊन आलं, यांनी तेच वापरलं.

फर्मिन म्हणजे यातला दुसरा माणूस. बाहुल्या, चित्रं त्याची, लिहिणं आणि कॅमेरा पोस्टगेटचा, एमिली म्हणून दिसते ती फर्मिनचीच लेक. कँटरबरीजवळ ब्लीन गावात फर्मिनच्या शेतावर गुरांचा रिकामा गोठा होता, तोच यांचा स्टुडिओ. बाहुली जराशी हलवायची, एक फ्रेम घ्यायची, परत हलवायची. या दोघांच्याच दुसऱ्या सिरीजमधले क्लँगर्सही इथलेच, ते गुलाबी प्राणी फर्मिनच्या बायकोने सुयांवर विणलेले. त्यांची भाषा म्हणजे सरकती शिटी, पण पोस्टगेट आधी नीट इंग्लिश संवाद लिहायचा आणि मग ते शिटीवर वाजवायचे.

एकच भाग बघणार असाल तर उंदरांच्या गिरणीचा बघा. उंदीर वरून ब्रेडचा चुरा आणि वाल टाकतात आणि खालून चॉकलेट बिस्किटं निघतात, एकामागून एक. सगळे खूश. यॅफल तेवढा चोच वर करून मागच्या बाजूला जाऊन बघतो तर एकच बिस्किट, तेच मागून फिरवून परत परत बाहेर येतंय. मी ४ वर्षांची असताना पोट धरून हसले होते आणि आता परत हसले, फक्त आता कळलं की पोस्टगेट आणि फर्मिन स्वतःचीच चेष्टा करतायत. १३ भाग घेऊन इतकी वर्षं सगळ्या देशाला बिस्किटं खायला घातली की यांनी! १९९९ मध्ये बीबीसीच्या मुलांच्या कार्यक्रमांत लोकांनी याला पहिला नंबर दिला तो याच एका बिस्किटावर.

वाईट पण सांगते. चित्र मऊ आहे, मोठ्या टीव्हीवर दाणे दिसतात. मॅडेलीनची काही गाणी गोड असली तरी लांबतात. सलग बघू नका, तिसऱ्या भागाला तेच 'उंदीर साफ करतायत' गाणं डोक्यात जातं, दिवसाला एक ठीक. आणि आजच्या पोरांना दाखवताना अपेक्षा कमी ठेवा, माझ्या भाचीचा मुलगा दहा मिनिटांत उठून गेला, बिस्किटासाठी मात्र परत आला.

पोस्टगेट २००८ च्या डिसेंबरमध्ये गेला, फर्मिन २०१८ मध्ये. 'कॅम्बरविक ग्रीन' या बाहुल्यांच्या सिरीजवाला गॉर्डन मरे २०१६ मध्ये, त्याने तर आपल्या बाहुल्या स्वतःच जाळून टाकलेल्या, मला ते अजून पटलेलं नाही. 'मिस्टर बेन' या मुलांच्या कार्टूनवाला डेव्हिड मॅकी २०२२ मध्ये. ती सगळी पिढीच संपत आली. त्यामुळे डिस्क सुरू झाली आणि पोस्टगेटचा आवाज आला तेव्हा मी रिमोट हातात धरून नुसतीच उभी राहिले.

मागच्या रविवारी आईला लावून दिली. आता ८० च्या पुढे आहे, ऐकू कमी येतं पण हा आवाज तिला कळला. रंग भरला तशी म्हणाली, "अगं, हा गुलाबी आहे?" मी म्हटलं हो, पहिल्यापासून. ती गप्प बसून बघत राहिली, फारसं आवडलं नाही असं तोंड. शेवटी बॅगपसला झोप येते, तो मोठ्ठी जांभई देतो, उंदीर, यॅफल, सगळे थिजतात आणि रंग उतरून परत तो जुना तपकिरी फोटो होतो. तेव्हा तिने चष्मा नीट केला आणि म्हणाली, "हां. आता कसा आपला वाटतोय."