लेक ऑफ बेजचं कॉटेज आणि आमचे २,९५० डॉलर

आकडा आधीच सांगतो: सुट्टीसाठी कॉटेज भाड्याने देण्याच्या खोट्या जाहिरातीत आमचे २,९५० कॅनेडियन डॉलर गेले. त्यातले निम्मे, म्हणजे १,४७५, मित्राचे होते. तो नको नको म्हणत असताना मी ते त्याला परत केले, कारण कॉटेज मी शोधलं होतं आणि पैसेही मीच पाठवले होते. चार महिने हे कुणाला सांगितलं नाही. आता लिहितोय, कारण तीच जाहिरात मला पुन्हा दिसली.

"हे ठग कॅनडात नवीन आलेल्यांना गाठतात" असं लोक सहज म्हणून जातात. मी नवीन नाही. टोरोंटोजवळच्या मिसिसागात चौदा वर्षं राहतोय, कर भरतोय, दर उन्हाळ्यात उत्तरेला मस्कोकाच्या तळ्यांवर नाहीतर अल्गाँक्विन पार्कच्या जंगलात जातोय. हे प्रकार कसे चालतात ते मलाही माहीत होतं. तरीही फसलो.

यंदा आई-बाबा साताऱ्याहून आले होते. बाबांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, त्यातली कितीतरी वर्षं कोयनेच्या काठावर. इथली तळी बघायची त्यांची फार इच्छा होती, आणि नुसती गाडीतून नाही. पाण्याकाठी चार दिवस राहायचं होतं. अल्गाँक्विनमधल्या तंबूच्या जागा पाच महिने आधी सकाळी सातला खुल्या होतात आणि ऑगस्टच्या बघता बघता संपतात. शिवाय आईच्या गुडघ्यांना तंबू झेपणार नव्हता. म्हणून कॉटेज. शनिवार ते शनिवार, दोन कुटुंबं. मी जिथे जिथे विचारलं तिथे साडेतीन हजारांच्या खाली कुणी बोलत नव्हतं. आणि खरेदी-विक्रीच्या एका साइटवर हे दिसलं: लेक ऑफ बेज या तळ्यावर, ड्वाइट गावाजवळ, तीन खोल्या, स्वतःचा डॉक म्हणजे पाण्यातला छोटा धक्का, कनू (वल्ह्याची होडी) आणि लाइफ जॅकेटं धरून आठवड्याचे २,४५०. आधीच्या कुटुंबाने ऐनवेळी रद्द केलं म्हणून स्वस्त, असं कारण दिलं होतं. ते मला पटलं, आणि त्यात वावगं काही होतं असं मला आजही वाटत नाही. लोक खरंच रद्द करतात.

तो माणूस फोनवर बोलला, तेही अगदी कॉटेजवाल्यासारखा. सेप्टिक टाकी आहे, संडासात टिश्यू सोडून काही टाकू नका. अस्वलं येतात, कचरा रात्री बाहेर ठेवू नका. काळ्या माश्या जूनमध्येच संपतात, पण संध्याकाळी डासांचं औषध लागेल. यातला शब्दन्‌शब्द खरा. नंतर सहा पानी करार आला, त्याच्या लायसन्सचा फोटो आला. एवढं पाहून माणूस आणखी काय बघणार?

बघायचं होतं, ते मला समोर दिसलं होतं. ९ जुलैची रात्र. निम्मे १,२२५ ई-ट्रान्सफरने, म्हणजे समोरच्याच्या ईमेलवर बँकेतून पैसे पाठवतात तसे, पाठवायला बसलो. ज्याला पैसे पाठवतो त्याचं ऑटोडिपॉझिट चालू असेल, तर सुरक्षा-प्रश्न विचारला जात नाही. पैसे थेट खात्यात जातात, आणि त्याआधी बँक पडद्यावर खातेदाराचं नाव दाखवते. करारावर एक नाव होतं, लायसन्सवर तेच. पडद्यावर तिसऱ्याच कुणाचं. खाली इशारा होता की पैसे ताबडतोब जमा होतील, परत घेता येणार नाहीत. बायको शेजारी बसली होती. ती म्हणाली, "अरे, हे नाव दुसरंच दिसतंय." मी त्याला मेसेज केला. दोन मिनिटांत उत्तर: हिशेब बघणाऱ्या बाईंचं खातं आहे. मी बायकोला म्हणालो, "प्रत्येक गोष्टीत शंका काढू नकोस." आणि बटण दाबलं.

ते वाक्य मला अजून झोपू देत नाही. त्या क्षणी माझ्या हातात सगळं होतं. नाव वेगळं, पैसे परत न येणारे, आणि घरातलं माणूस थांब म्हणतंय. २८ जुलैला उरलेले १,२२५ आणि मोडतोडीची अनामत ५००, मिळून १,७२५, त्याच खात्यावर पाठवले. तेव्हा तर नावाकडे पाहिलंसुद्धा नाही.

दुसरी खूण फोटोतच होती. डॉकच्या समोर, पाण्यावर मावळता सूर्य. पण त्याने दिलेला पत्ता तळ्याच्या पश्चिम काठावरचा होता, म्हणजे पाणी पूर्वेला. तिथे संध्याकाळी सूर्य घराच्या मागे जातो. मी सह्याद्रीत वीस वर्षं भटकलोय, दिशा मला कळतात. नकाशा उघडून पाहिला होता, पण फक्त किती तास लागतील ते बघायला.

२ ऑगस्टला, सिव्हिक हॉलिडेच्या (ऑगस्टच्या पहिल्या सोमवारची सुट्टी) लाँग वीकेंडला, दोन गाड्या निघाल्या. हायवे ४०० वर गर्दी, मग हायवे ११, हंट्सव्हिलनंतर उजवीकडे हायवे ६०. साडेचार तास. आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी करून घेतली होती. दार एका वयस्कर बाईंनी उघडलं. त्यांचं राहतं घर होतं ते. मी फोटो दाखवला. त्या म्हणाल्या, हे माझं घर नाही, माझ्या डॉकसमोर सूर्य उगवतो. या उन्हाळ्यात आलेलं आमचं तिसरं कुटुंब होतं. त्यांनी आई-बाबांना आत बसवून पाणी दिलं. पोलिसांना त्यांनी आधीच्या दोन्ही वेळा कळवलं होतं.

लाँग वीकेंड, त्यामुळे हंट्सव्हिलमध्ये एकही खोली नाही. रात्री साडेनऊला ऑरिलियाजवळ दोन मिळाल्या, प्रत्येकी २८९ डॉलर. अल्गाँक्विनचा दिवसाचा वाहन-परवाना पाच दिवस आधीपासून मिळतो. दुसऱ्या दिवसाचे संपलेले. बाबा एवढंच म्हणाले, "चल, घरी जाऊ." २३ ऑगस्टला ते परत गेले.

आता बँक. ४७ मिनिटं फोन धरून ठेवल्यावर उत्तर मिळालं की पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. मी म्हटलं, खातेदाराचं नाव तुमच्याच पडद्यावर होतं, ते खातं निदान गोठवा. म्हणे, खातं दुसऱ्या बँकेत आहे. दुसऱ्या बँकेला फोन केला, तर तुम्ही आमचे ग्राहक नाही, गोपनीयता. खातं उघडताना त्या माणसाची ओळखपत्रं कुणीतरी तपासली असतीलच ना? मग चोराचं नाव माहीत, खातं माहीत, आणि तरी हात लावायचा नाही, हा कुठला न्याय? आमच्या शहरातले पोलीस म्हणाले, कॉटेज जिथे आहे तिथे तक्रार करा. तिथले म्हणाले, पैसे तुमच्या घरून गेले, तिथे करा. शेवटी ऑनलाइन अर्ज भरून घेतला. रक्कम ५,००० च्या आत, म्हणून फाइलला नंबर मिळाला आणि तीन आठवड्यांनी दोन ओळींचा ईमेल आला की पुढील तपास होणार नाही. एकाही माणसाने मला फोन करून काही विचारलं नाही. करार, लायसन्स, फोन नंबर, नाव, सगळं मी हातात नेऊन दिलं होतं. त्या बाईंच्या दारात तीन कुटुंबं आली, म्हणजे एका उन्हाळ्यात एका पत्त्यावर किती हजार गेले असतील! पण प्रत्येक तक्रार वेगळी आणि प्रत्येक "लहान". अशा लहान तक्रारींवरच या लोकांची घरं चालतात. साइटला दोनदा कळवलं. उत्तर यंत्राचं.

तरी तक्रार कराच. कॅनेडियन अँटी-फ्रॉड सेंटरकडेही नोंद करा. तपास ते करत नाहीत, पण माहिती तिथे एकत्र होते. आणि तक्रारीनंतर "तुमचे पैसे काढून देतो" म्हणणारा फोन आला तर ठेवून द्या. मला आला, आधी ३५० भरा म्हणाला. एकदा हात पोळल्यावर तेवढं तरी कळलं.

अनोळखी कॉटेजसाठी ई-ट्रान्सफर नकोच. क्रेडिट कार्ड घेत नसेल तर कॉटेज सोडा. कार्डाच्या पैशांवर निदान दाद मागता येते. साइटबाहेर व्यवहार करून फी वाचवू म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा. फोटो गूगलवर टाकून तो आणखी कुठे वापरलाय ते शोधा. मी नंतर शोधला, एका मिनिटात खरं कॉटेज सापडलं, भलत्याच तळ्यावरचं. लेक ऑफ बेज आणि हंट्सव्हिल इथे थोड्या दिवसांसाठी घर भाड्याने द्यायला नगरपालिकेचा परवाना लागतो. नंबर मागा, आणि तो त्यांच्या कचेरीत फोन करून विचारा, मालकाला नको. डॉकवर उभं राहून व्हिडिओ कॉल करायला सांगा. आणि घरातलं कुणी थांब म्हणालं, तर त्या रात्री पैसे पाठवू नका.

तोच फोटो गेल्या आठवड्यात पुन्हा दिसला. आता तळं दुसऱ्याच, हॅलिबर्टन भागातलं, भाडं २,२००, मालकाचं नाव नवीन. डॉकवर पालथा ठेवलेला लाल कनू, डावीकडे बर्चची दोन झाडं, पायरीवर निळी बादली, मागे मावळता सूर्य. हा फोटो तुम्हाला कुणी पाठवला, तर उत्तरही देऊ नका.